गुन्हेगार ठरवतं ते क्रियापद

एक छोटीशी परीक्षा देऊ या. दिल्लीच्या उत्तरेला साधारण नव्वद किलोमीटरवर पानिपत आहे आणि शहराबाहेर काला अंब नावाची जागा आहे. तिथे एक स्मृतिस्तंभ उभा आहे. १४ जानेवारी १७६१ रोजी सदाशिवरावभाऊ आणि अहमदशाह अब्दाली यांच्या फौजा या परिसरात भिडल्या. शेवट तुम्हाला ठाऊक आहेच. तो एका वाक्यात लिहून दाखवा. मत नको, विशेषण नको, कुणावर ठपका नको. फक्त घटना लिहा.

काय लिहिलंत? बहुतेक यांपैकी एखादं वाक्य असेल:

अब्दालीने मराठ्यांना हरवले.
मराठे हरले.
मराठ्यांचा पराभव झाला.
मराठ्यांना हार पत्करावी लागली.
पानिपत झाले.

पाचही वाक्यं खरी आहेत. पाचांतही विशेषण नाही. आणि तरीही प्रत्येक वाक्याने निकाल देऊन टाकला आहे!

पहिल्या वाक्यात कर्तृत्व अब्दालीचं. ते वाचलं की मनात प्रश्न येतात ते त्याच्याबद्दल: त्याची फौज कशी होती, डावपेच कोणते होते? दुसऱ्या वाक्यातून अब्दाली गायबच झाला. आता आपण मराठ्यांकडे बघतो आणि त्यांच्यात काय कमी पडलं ते शोधू लागतो. तिसऱ्यात पराभव हाच कर्ता होऊन बसलाय, मराठे षष्ठीत सरकलेत. चौथ्यात कुठलीतरी न दिसणारी सक्ती आहे, त्यामुळे राग येण्याआधी कणव येते. आणि पाचव्यात कुणीच उरलं नाही. ना जिंकणारा, ना हरणारा. शहराचं नाव तेवढं उरलं.

नाटकात प्रकाशझोत एखाद्या पात्रावर पडतो आणि बाकीचा रंगमंच अंधारात जातो, तसं हे आहे. अंधारातली पात्रं रंगमंच सोडून गेलेली नसतात. आपण फक्त त्यांच्याकडे बघायचं थांबतो. वर्तमानपत्रातलं संपादकीय पान रोज सकाळी हा झोत फिरवत असतं. आपल्याला वाटतं की लेखक मुद्द्यांनी पटवतो, आकडेवारीने पटवतो, फार तर धारदार विशेषणांनी पटवतो. मुद्दे येतात ते नंतर. त्यांच्या आधी प्रत्ययांनी अर्धं काम केलेलं असतं.

ते कसं करतात? चला, एकेक कळ उघडून बघू.

पहिली कळ इतकी लहान आहे की ती एका अक्षरात मावते. पानिपतावर मराठ्यांची छावणी दोन महिन्यांहून अधिक काळ अडकून पडली होती आणि माणसं-जनावरं उपाशी मरू लागली होती. हे सांगताना तुम्ही लिहू शकता, ‘रसद तुटली.’ किंवा लिहू शकता, ‘रसद तोडली.’ तुट आणि तोड. ‘तुटली’ म्हटलं की प्रश्न संपला. दोर तुटतो, माळ तुटते, तशी रसद तुटली. पण ‘तोडली’ म्हटलं रे म्हटलं की वाचकाच्या मनात प्रश्न उभा राहतोच: कोणी?

आता मराठीभर नजर फिरवा. फुटणे, फोडणे. सुटणे, सोडणे. पडणे, पाडणे. मरणे, मारणे. गळणे, गाळणे. जोड्याच जोड्या! एका बाजूला घटना आपली आपण घडते, दुसऱ्या बाजूला ती कुणीतरी घडवतं. मधलं अंतर किती? एका स्वराचं, आणि कधी त्याच्या जोडीला ‘ट’चा ‘ड’. ‘जमावावर गोळी सुटली’ आणि ‘जमावावर गोळी सोडली’ यांत बंदुकीमागचा माणूस आहे की नाही, हे ‘सुट’ आणि ‘सोड’ ठरवतात.

आणि ही युक्ती केवढी जुनी आहे! संस्कृतात धातूचा स्वर बळकट करून ‘घडणे’चं ‘घडवणे’ करता येत असे. पत् पासून पात, मृ पासून मार. स्वर बळकट होण्याच्या या नियमांना पाणिनीने गुण आणि वृद्धी म्हटलं, आणि त्याच्या अष्टाध्यायीचं पहिलंच सूत्र वृद्धीची व्याख्या सांगतं. दोन हजारांहून अधिक वर्षं झाली. आज एखादा उपसंपादक रात्री अकरा वाजता मथळ्यात ‘इमारत पडली’ लिहावं की ‘इमारत पाडली’ याचा विचार करतो, तेव्हा त्याच्या हाताखाली तीच वृद्धी असते.

पानिपतची पहिली बातमी पेशव्यांपर्यंत सांकेतिक सावकारी पत्रातून पोचली, ही गोष्ट मराठी घरांतून सांगितली जाते. मोती गळाले, मोहरा हरवल्या, रुपये आणि खुर्दा किती गेला त्याची मोजदादच नाही, अशा अर्थाचा तो निरोप. त्यातली क्रियापदं तपासा. मोती गळाले, कोणी गाळले नाहीत. मोहरा हरवल्या, कोणी हिरावल्या नाहीत. एवढी मोठी बातमी आणि तिच्यात एकही कर्ता नाही! शत्रूच्या हाती पत्र पडलं तर कळू नये म्हणून सांकेतिक शब्द होते हे खरंच. पण व्याकरणानेही त्या घरावर केवढी दया केली बघा. दुःख आधी पोचवलं. दोष कुणाचा हा प्रश्न पुढच्या पिढ्यांवर सोपवला.

पुढच्या पिढ्यांनी तो हौसेने उचलला. इथे दुसरी कळ येते: अपराधाचं माप कमी-जास्त करण्याची.

‘भाऊसाहेबांनी चूक केली.’ हा सरळ आरोप झाला. आता ‘भाऊसाहेबांकडून चूक झाली.’ थोडं मऊ झालं ना? पुढे, ‘भाऊसाहेबांच्या हातून चूक घडली.’ आता हात आणि माणूस वेगळे झाले. चूक त्या हातातून जणू निसटली. आणि शेवटी, ‘चूक नडली.’ इथे तर चमत्कारच आहे. चूकच उठून कर्त्याच्या जागी बसली आणि भाऊसाहेब तिचे बळी ठरले! ने, कडून, हातून, आणि मग काहीच नाही. चार पायऱ्यांत आरोपी फिर्यादी होतो. न्यायालयाला हेतू होता की नव्हता हे ठरवायला महिने लागतात. मराठी ते एका शब्दयोगी अव्ययात ठरवते.

उलट दिशेची पायरीही आहे. ‘विश्वासरावांना गोळी लागली.’ विश्वासराव म्हणजे पेशव्यांचे पुत्र; युद्धाला वळण देणारा हा क्षण, आणि गोळी कोणी झाडली याचा पत्ता नाही. त्या धुमाळीत तो असणार तरी कसा? ‘ला’ प्रत्यय इथे प्रामाणिकपणे काम करतो: ज्याला भोगावं लागलं त्याला पुढे आणतो आणि जे ठाऊक नाही ते सांगत नाही. पण हेच ‘लागणे’ एखाद्या लेखात ‘शासनाला दरवाढ करावी लागली’ असं आलं की सावध व्हा. करणारा आता भोगणारा झाला आहे.

तिसरी कळ मला सगळ्यांत विलक्षण वाटते, कारण ती आपण दिवसभर दाबतो आणि आपल्याला दिसत नाही. ‘अब्दाली वेढा घालतो’ यात ‘ने’ नाही. ‘अब्दाली वेढा घालेल’ यातही नाही. काम पुरं होऊ द्या, आणि बघा: ‘अब्दालीने वेढा घातला.’ सकर्मक कृत्य पूर्ण झालं की कर्त्यावर शिक्का उमटतो!

पण थांबा, खरी गंमत पुढे आहे. ‘त्याने वेढा घातला’, ‘तिने पत्र लिहिले’, ‘त्यांनी गाव लुटले’. आता स्वतःबद्दल बोला. ‘मी वेढा घातला.’ ‘आम्ही गाव लुटले.’ शिक्का कुठे गेला? समोरच्याशी बोला: ‘तू केलंस’, ‘तुम्ही केलंत’. तिथेही नाही. प्रमाण मराठीत ‘ने’ लागतो तो जो इथे हजर नाही त्याला. काला अंबच्या परिसरात हिंदी बोलणारा माणूस ‘मैंने किया’, ‘हमने किया’ म्हणतो. तो स्वतःलाही शिक्का मारून घेतो. मराठी माणूस ‘मी केलं’ म्हणून मोकळा. यात कुणाचा डाव नाही. भाषेच्या दीर्घ प्रवासात प्रत्यय झिजले, काही जागी टिकले, काही जागी गळाले. पण परिणाम बघा. वादग्रस्त विषयावरच्या लेखात ‘त्यांनी’ आणि ‘आम्ही’ समोरासमोर आले की ‘नी’ एकाच बाजूला दिसतो. करण्याचं चिन्ह दुसऱ्याच्या नावावर आणि आपल्या नावावर काहीच नाही!

चौथी कळ क्रियापदाच्या अगदी शेवटच्या अक्षरात आहे. लढाईच्या अखेरीस मल्हारराव होळकर आपल्या फौजेसह रणांगणाबाहेर पडले. का पडले, कोणाच्या सांगण्यावरून पडले, यावर आजही वाद झडतात. आता वाद बाजूला ठेवा आणि कान द्या: ‘मल्हारराव निघून गेले.’ ‘मल्हारराव निघून गेला.’ ए आणि आ. पहिल्यात एक सेनापती दूर जाताना दिसतो, दुसऱ्यात एक पळपुटा. दुसरा शब्द कुठेच बदलला नाही. दुसऱ्या वाक्याचा लेखक पुढे दहा पुरावे देईल, पण शिक्षा आधीच सुनावून झाली आहे.

एकवचन म्हणजे अपमान, एवढं सोपंही नाही. ‘अब्दाली आला’ म्हणताना आदर नाही. पण ‘आई आली’, ‘विठोबा उभा आहे’ यांतही एकवचनच! ज्याचा राग येतो तो एकवचनात आणि जो काळजात असतो तोही एकवचनात. आदरार्थी बहुवचन मधल्या सगळ्यांसाठी, हातभर अंतरावरच्या माणसांसाठी. म्हणून अग्रलेखात एखाद्या पुढाऱ्याचं ‘म्हणाले’ अचानक ‘म्हणाला’ झालं तर वाचक दचकतो. बातमीत चोर पळालेला असतो आणि मंत्री निघून गेलेले असतात. ‘ले’चा ‘ला’ कधी होतो, गुन्हा सिद्ध झाल्यावर की त्याआधीच, हा प्रश्न दर सकाळी विचारण्यासारखा आहे.

पाचव्या कळीसाठी पुन्हा काला अंबला जाऊ. दर वर्षी १४ जानेवारीला इथे शौर्य दिन साजरा होतो. पानिपतानंतर इथेच राहिलेल्या मराठ्यांचे वंशज आपण आहोत असं मानणारा हरियाणातला रोड समाज त्यासाठी जमतो, महाराष्ट्रातूनही लोक येतात. आता समजा, एक वक्ता हिंदीत म्हणाला, ‘हम यहाँ लड़े थे.’ हे मराठी वर्तमानपत्रासाठी लिहायचं आहे. ‘हम’ म्हणजे कोण? मराठी तुम्हाला सोडणार नाही. ती विचारते: ऐकणारा त्यात धरायचा की वगळायचा? धरायचा असेल तर ‘आपण’, वगळायचा असेल तर ‘आम्ही’. हिंदीला हा प्रश्न पडत नाही, इंग्रजीलाही नाही. तेलुगू आणि तमिळला मात्र पडतो. दक्षिणेच्या शेजाराने मराठीला दिलेलं हे देणं असावं असं अभ्यासकांना वाटतं.

आता या सामर्थ्याचा मतलेखातला उपयोग बघा. ‘मराठे पानिपतावर हरले’ हा इतिहास झाला. ‘आपण पानिपतावर हरलो’ असं लिहिलं की काय होतं? अडीचशेहून अधिक वर्षांनी नागपुरात किंवा नाशकात चहा पिणारा वाचक एका सर्वनामाने भाऊंच्या छावणीत दाखल होतो. त्याची संमती कोणी घेतली? कोणीच नाही. आणि त्या ‘आपण’मध्ये कोण कोण आहे? इब्राहिमखान गारदी आणि त्याचे गोलंदाज आहेत ना? ते तर भाऊंच्या बाजूने लढले. भरतपूरचे सूरजमल जाट आहेत का? ते आधी साथ सोडून गेले, पण लढाईनंतर जिवंत परतणाऱ्यांना आसराही त्यांनीच दिला. ‘आपण’ या तीन अक्षरांत सीमारेषा आखलेली असते आणि ती कुठून जाते हे लेखक बहुधा सांगत नाही. ज्याला ते सांगावंसं वाटतं तो लेखक मोठा.

या कळा कोणी एकत्र वाजवल्या तर? त्यासाठी पुण्यात, केसरीच्या कचेरीत जायला हवं.

१८९७ साल. पुण्यात प्लेग, घरोघरी तपासणीचा जाच, २२ जूनच्या रात्री प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली गेली आणि सरकारने सगळ्या शहरावर डोळे वटारले. ६ जुलैच्या केसरीत टिळकांचा अग्रलेख आला. मथळा सगळ्या महाराष्ट्राला पाठ आहे: ‘सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?’

शेवटचा शब्द झाका. काय उरतं? ‘सरकारचे डोके ठिकाणावर आहे.’ सरकारला आवडेल असं विधान! मराठीत असा प्रश्न विचारताना वाक्य उलटंपालटं करावं लागत नाही. विधान जसंच्या तसं उभं राहतं आणि अगदी शेवटी ‘काय’ येऊन त्याच्या पायाखालची सतरंजी ओढतं. टिळकांनी ‘सरकारचे डोके ठिकाणावर नाही’ असं लिहिलं असतं, तर तो त्यांचा आरोप ठरला असता आणि सिद्ध करण्याची जबाबदारीही त्यांचीच. प्रश्न विचारल्यावर उत्तर कोणी दिलं? वाचकाने, मनातल्या मनात. आणि माणूस स्वतः दिलेलं उत्तर सहसा मागे घेत नाही.

आठवड्याने, १३ जुलैला, पुढचा मथळा आला: ‘राज्य करणे म्हणजे सूड उगवणे नव्हे.’ यात सरकार हा शब्दच नाही. राज्य करणे, सूड उगवणे: दोन्ही क्रियापदांची नामं झाली आहेत. त्यांना काळ नाही, कर्ता नाही. आणि शेवटी ‘नव्हे’. मराठीत नकार दोन तऱ्हांचे आहेत. ‘नाही’ सांगतं की अमुक गोष्ट नाही किंवा घडत नाही. ‘नव्हे’ सांगतं की हे म्हणजे ते नव्हे, या दोहोंचं नातंच चुकीचं आहे. म्हणून हे वाक्य एखाद्या व्याख्येसारखं शांत वाटतं. पण ज्या गोष्टीची समजूत कुणीतरी करून घेतलेली असते तिलाच ‘नव्हे’ म्हणावं लागतं. मग राज्य करणे म्हणजे सूड उगवणे, असं कोणाला वाटत होतं? नाव न घेता सगळ्यांना कळलं!

२७ जुलैला टिळकांना अटक झाली. खटला उभा राहिला तो या दोन मथळ्यांवर नव्हे, तर १५ जूनच्या अंकातल्या शिवाजी उत्सवासंबंधीच्या मजकुरावर, आणि शिक्षा अठरा महिन्यांची झाली. पुढे १९०८ साली ज्या लेखांवरून त्यांना सहा वर्षं मंडालेला काढावी लागली, त्यांतल्या एकाचं नाव आहे ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’. चार शब्दांचा मथळा. कुणाचं नाव नाही, शिवी नाही, आज्ञा नाही. दडपशाहीच्या कायद्यांकडे बोट दाखवणारं एक ‘हे’ आणि शेवटी ‘नाहीत’. साम्राज्याला हे झोंबलं, यावरून साध्या वाक्यरचनेत किती दारूगोळा मावतो त्याची कल्पना यावी.

अजून एक कळ राहिली आणि पानिपतावर लिहिणाऱ्यांची ती फार लाडकी आहे. ‘भाऊंनी सूरजमलाचा सल्ला ऐकला असता, तर मराठे जिंकले असते.’ एका वाक्यात किती माल भरलाय बघा. सूरजमलाने सल्ला दिला होता, हे गृहीत. तो योग्य होता, हे गृहीत. भाऊंनी ऐकला नाही, हे गृहीत. ‘असता’ या रूपाने तिन्ही गोष्टी वाद न घालता आत घेतल्या. आणि जे विधान उघडपणे केलं आहे, मराठे जिंकले असते, ते या पृथ्वीवर कुणालाच तपासता येणार नाही. खोडून काढायला कुणी निघालंच तर तो ‘जिंकले असते’शी झटापट करत बसतो आणि गृहीतं मागच्या दाराने घरात राहायला येतात.

मग कुणी म्हणेल, व्याकरण म्हणजे फसवणूकच की! मला अगदी उलट वाटतं. सुरुवातीच्या परीक्षेत आपण निष्पक्ष वाक्य लिहायचा प्रयत्न केला आणि तसं वाक्य सापडलंच नाही. ते कुठल्याच भाषेत सापडणार नाही, कारण वाक्य करायचं तर कुणाला तरी कर्ता करावंच लागतं आणि कुणाला तरी मागे ठेवावं लागतं. प्रामाणिक लेखक या निवडीतून सुटत नाही. तो ती जाणून करतो. जिथे करणारा ठाऊक आहे तिथे ‘तोडली’ लिहितो आणि जिथे ठाऊक नाही तिथे ‘तुटली’वर थांबतो.

आणि वाचकाचं काय? त्याच्याकडे तर सगळी हत्यारं आधीपासूनच आहेत. चार वर्षांचं मूल ‘पेला फुटला’ म्हणतं, ‘मी पेला फोडला’ म्हणत नाही. त्याला सकर्मक-अकर्मक कुणी शिकवलेलं नसतं. म्हणजे बचावाचं व्याकरण आपल्याला शाळेत जायच्या आधीच येतं! ते ओळखायचं तेवढं मोठेपणी शिकायचं. उद्याच्या संपादकीय पानावर पेन्सिल घेऊन बसा. प्रत्येक क्रियापदाला गोल करा आणि विचारा, कोणी? प्रत्येक ‘आपण’ला विचारा, कोण कोण? ‘झाले पाहिजे’, ‘व्हायला हवे’ दिसलं की विचारा, कोणी करायचं? प्रत्येक ‘असते तर’ला विचारा, हे आधी सिद्ध कधी झालं? लेखाशी तुम्ही शेवटी सहमत व्हाल किंवा होणार नाही, पण जे मत बनेल ते तुमचं असेल. लोकशाहीत यापेक्षा मोठं हत्यार सामान्य माणसाच्या हाती क्वचितच येतं, आणि ते मराठी बोलणाऱ्या प्रत्येकाच्या जिभेवर फुकट ठेवलेलं आहे.